व्हिडिओ नाही, म्हणून काय झालं

मी बायकांना गाडी शिकवते. गाडी म्हणजे स्कूटर. जळगावात शहराच्या कडेला प्लॉट पाडून ठेवलेली एक मोकळी जागा आहे. रस्ते आखलेत, मुरूम टाकलाय, घरं अजून आलेली नाहीत. आम्ही तिला मैदान म्हणतो. उन्हं तापायच्या आत मी तिथे पोचते. एकेक बाई हँडल घट्ट धरून, श्वास रोखून पुढे जाते आणि मी तिच्या बाजूने पळते. एक हात मागच्या कड्याला आणि तोंडाने एकसारखं, "पाय खाली नको. चाकाकडे नका बघू, समोर बघा." माझ्याकडे शिकलेल्या बायका आता शहरभर फिरतात. सिग्नलला भेटल्या की हॉर्न देतात आणि माझ्या आधी निघून जातात.

त्या सकाळी मैदानावर आम्ही तिघीच होतो. मी, असोद्याची अक्का आणि एक तरुण मुलगी. अक्का पन्नाशी ओलांडलेली. माहेर दोंडाईच्याकडचं, लग्न होऊन असोद्याला येऊन तीस-एक वर्षं झाली, पण बोली माहेरचीच राहिली. केळीच्या बागेत मजुरांचा डबा पोचवायला मुलाची वाट बघावी लागते म्हणून गाडी शिकायला आली होती. तरुण मुलीला लेकीला शाळेत सोडायचं होतं. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, घरी स्कूटर धूळ खात उभी. नवरा म्हणायचा, पडशील. तेव्हा ती भाजी आणायला म्हणून निघायची आणि माझ्याकडे यायची. हे मला माहीत होतं. मोठ्या बाईने घरी काय सांगून यावं हा तिचा प्रश्न, असं मी धरून चालते.

ती गाडीवर होती, मी बाजूने पळत होते. पहिल्यांदाच तिने न थांबता वळण घेतलं होतं आणि मी "छान! छान!" म्हणत होते. तेवढ्यात एक मोटारसायकल थेट आमच्यासमोर येऊन थांबली. तिचा नवरा. त्याने आधी स्कूटरची चावी काढली, मग तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. गाडी आडवी झाली.

"भाऊ, हात सोडा तिचा," मी म्हणाले.

"तू कोण गं सांगणारी? बायका बिघडवायचा धंदा लावलाय."

"हात सोडा, मग बोला माझ्याशी."

माझं हेल्मेट आडव्या पडलेल्या गाडीच्या आरशाला अडकलेलं होतं. त्याने ते ओढून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हाणलं. मी उजवा हात वर केला. कडक असा आवाज झाला, तो हेल्मेटचा की माझा ते तेव्हा कळलं नाही. दुसरा घाव खांद्यावर बसला आणि हेल्मेटची काच फुटून मुरुमावर पडली. अक्का कडेच्या कडुलिंबाखाली बसली होती, ती ओरडत पळत आली. तिला बघून त्याने हेल्मेट टाकलं, बायकोला मोटारसायकलवर बसवलं आणि निघून गेला. ती मागे वळून बघत होती. तिची एक चप्पल मैदानातच राहिली.

सगळं मिळून किती वेळ लागला असेल? एका बाईने एक फेरी मारावी, तेवढाच.

अक्काने मला लिंबाखाली बसवलं. माझ्या पिशवीतून मोबाईल काढून माझ्या नवऱ्याला लावून दिला. मग स्वतःच्या डब्याची कापडी पिशवी रिकामी करून त्यात ते हेल्मेट घातलं. मी म्हटलं, "अक्का, राहू द्या ते, फुटलंय." ती म्हणाली, "फुटेल शे म्हणीसनच लेऊ दे." फुटलंय म्हणूनच घेऊ दे. तिने कुठे काय पाहिलं-वाचलं होतं मला माहीत नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "त्यानी फेकं ना, मंग आपुन उचलाले नको का?"

माझा नवरा पाइपच्या कारखान्यात शिफ्टला जातो. त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती, म्हणून घरी होता. तो आला, माझा हात बघितला आणि विचारलं, "आधी दवाखाना की आधी पोलीस?"

"पोलीस," मी म्हणाले. मला राग आला होता. दुखणं अजून यायचं होतं.

ठाण्यात टेबलाशी बसलेल्या अंमलदाराने शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. पाणीसुद्धा मागवलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "तिथे कॅमेरा आहे का?"

"मोकळं मैदान आहे. कॅमेरा कुठून असणार?"

"कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढला?"

"नाही."

"मग ताई, सिद्ध कसं करणार?"

"सिद्ध करायचं मागाहून बघू. आधी लिहून तर घ्या."

त्यांनी लिहून घेतलं, पण साधी मारहाण, अदखलपात्र म्हणून. कागदाची प्रत दिली आणि सांगितलं, पाहिजे तर कोर्टात जा. दवाखान्यासाठी यादी दिली. यादी म्हणजे सरकारी डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी, या बाईंना तपासून दाखला द्या म्हणून. बाहेर येईपर्यंत माझा हात सुजून लाकडासारखा झाला होता.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, हाडांचा. रात्रपाळी करून दमलेला दिसत होता. त्याने एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हात कसा धरला होतात? डाव्या हाताने दाखवा." मी डावा हात कपाळासमोर आडवा धरून दाखवला. त्याने मान हलवली. मग माझे दोन्ही तळहात उलटून बघितले, सलवार वर करायला सांगून गुडघे बघितले.

"तिथे काही नाही झालेलं," मी म्हणाले. "दुखत नाही तिथे."

"म्हणूनच बघतोय," तो म्हणाला आणि लिहू लागला.

मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं होतं. हात प्लास्टरमध्ये गेला.

पुढचे काही दिवस सगळ्या जळगावाने मला एकच प्रश्न विचारला. शेजारीण भाकरी घेऊन आली, तिने विचारला. नणंदेने फोनवर विचारला. दूधवाल्याने विचारला. "व्हिडिओ नाही का?" जणू काही व्हिडिओ असता तर हात मोडला असता, आणि नाही म्हणून तो मोडलाच नाही. एका ओळखीच्या बाईने तर प्लास्टरवर हात ठेवून विचारलं, "पण खरंच मारलं का गं? की गाडीवरून पडलीस?" मी तिला चहा दिला नाही. ती वाट बघत बसली होती, तरी दिला नाही.

ही 'पडलीस का' ची कुजबुज कुठून निघाली ते पुढे कळलं. तो आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की बाई स्वतः पडली आणि माझ्यावर ढकलतेय.

माझा मोठा भाऊ धुळ्याला असतो, विम्याचं काम करतो. तो आला आणि मला घेऊन गेला. म्हणाला, इथे स्वयंपाक कोण करणार, चार दिवस आईकडे राहा. खरं तर मला गप्प बसवायला घेऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने विषय काढला.

"हे बघ, मी रोज क्लेम बघतो. कागद लागतो, पुरावा लागतो. तुझ्याकडे काय आहे?"

"हात आहे."

"तो पडूनही मोडतो."

"दादा, तुला काय वाटतं? मी पडले?"

"मला नाही वाटत. पण मी जज आहे का?"

"मग जजला विचारू."

तो चिडला. म्हणाला, त्या माणसाची चार ओळखीची माणसं आहेत, तुझं रोजचं काम त्याच मैदानात आहे, उद्या बायका यायच्या बंद झाल्या तर? तो खोटं बोलत नव्हता. दोघींनी कळवलंच होतं की आता इतक्यात येणार नाही. मी ताटातला भात डाव्या हाताने गोळा करत बसले होते. डाव्या हाताने जेवताना माणूस फार लहान मुलासारखा दिसतो, आणि भावासमोर तसं दिसणं मला त्या दिवशी अजिबात सहन झालं नाही. मी संध्याकाळच्या बसने जळगावला परत आले.

माझ्याकडे गाडी शिकलेली एक वकीलबाई आहे. तिला ब्रेक दाबायची भारी घाई असायची, म्हणून चांगली लक्षात आहे. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात तिच्या टेबलाशी जाऊन बसले. तिने डॉक्टरांचा दाखला दोनदा वाचला.

"मॅडम, हाड मोडलंय. ही साधी मारहाण नाही राहिली. कायद्यात ही गंभीर दुखापत होते आणि तिचा गुन्हा पोलिसांना नोंदवावाच लागतो. मारलं त्या दिवशी एक्स-रे नव्हता म्हणून त्यांनी तसं लिहिलं. आता आहे."

"पण व्हिडिओ नाही," मी म्हणाले. इतक्या लोकांनी विचारल्यावर ते माझ्याही तोंडात बसलं होतं.

ती हसली. "कॅमेरे आत्ता आले. कोर्टं कधीची आहेत! तुम्ही सांगता तो पुरावाच आहे. ज्याला मार लागलाय त्याचं म्हणणं कोर्ट असंच बाजूला सारत नाही. दुसरं कोणी पाहिलं का?"

"अक्काने पाहिलं. आणि त्याच्या बायकोने."

"बायकोचं सोडा. अक्का येतील का कोर्टात?"

मी असोद्याला गेले. अक्का अंगणात गहू निवडत होती. तिचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "ताई, आईला कोर्टकचेरीत नका ओढू. आमचा काय संबंध?" अक्काने सूप खाली ठेवलं.

"संबंध कसा नही? मन्हा डोयासमोर मारं त्यानी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू घाबरस कसाले? मी बठ्ठं सांगसू." बठ्ठं म्हणजे सगळं.

मुलगा काहीतरी बोलणार होता, पण तिने त्याला गहू उचलून आत न्यायला सांगितलं.

ठाण्यात पुन्हा गेले तर 'बघू, साहेब नाहीत' सुरू झालं. तीन-चार खेटे झाल्यावर वकीलबाईने सांगितलं तसा अर्ज लिहून पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात दिला, पोच घेतली. त्यानंतर गुन्हा नोंदला गेला. पोलीस पंचनाम्याला मैदानावर आले. पाऊसपाणी नव्हतंच, मुरूम तसाच कोरडा पडलेला. लिंबापासून थोड्या अंतरावर हेल्मेटच्या काचेचे तुकडे अजून चमकत होते. अक्काच्या कापडी पिशवीतलं हेल्मेटही त्यांनी सील करून नेलं. तुकडे त्याच्या फुटक्या काचेशी जुळले.

गुन्हा नोंदल्यावर मग माणसं यायला लागली. आधी मारणाऱ्याचा काका आला, बरोबर कॉलनीतले एक मानाचे गृहस्थ. सोफ्यावर बसले. त्या गृहस्थांनी माझ्या हाताची चौकशी केली, मग म्हणाले, "पोरगा गरम डोक्याचा आहे. चूक झाली. इथे तुमच्या घरी येऊन माफी मागेल. मिटवून टाका, ताई."

"मैदानात मागू दे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मारलं मैदानात. माफी तिथेच मागावी. सकाळी, बायका असताना. आणि त्याच्या बायकोनेही तिथे असावं."

काका एकदम उभा राहिला. "बायकांसमोर? तो काय रस्त्यावरचा आहे?"

"मारताना रस्त्यावरच होता," माझा नवरा म्हणाला. तो फार बोलत नाही. प्लास्टर होतं तोवर रोज सकाळी त्याने माझी वेणी घातली, वाकडीतिकडी, पण घातली. त्या दिवशी हे एवढंच बोलला आणि दार उघडून उभा राहिला.

प्लास्टर निघालं. हात बारीक झाला होता, कातडी पांढरी. मी मैदानावर परत गेले. पहिल्या दिवशी एकटी अक्का आली होती. आम्ही दोघींनीच फेऱ्या मारल्या, तिने गाडीवर आणि मी पळत. मोटारसायकलचा आवाज आला की मान आपोआप तिकडे वळायची, तरी मी पळणं थांबवलं नाही. हळूहळू बायका आल्या. ज्या दोघींनी नाही म्हणून कळवलं होतं त्यांतली एक परत आली आणि बरोबर जावेलाही घेऊन आली.

खटला उभा राहायला पुढचा उन्हाळा उजाडला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी उभी राहिले. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं सांगितलं. मग त्याचे वकील उठले.

"बाई, तुम्ही गाडी शिकवता. म्हणजे पडणं-झडणं रोजचंच?"

"शिकणाऱ्या पडतात. मी गाडीवर नसते. मी पळत असते."

"पळताना माणूस पडत नाही?"

"पडतो. त्या दिवशी नाही पडले."

"सकाळची वेळ, तीन बायका, तिघींकडे मोबाईल. एकीनेही व्हिडिओ काढला नाही. हे पटण्यासारखं आहे?"

"मोबाईल गाडीच्या डिकीत किंवा पिशवीत असतात. मीच तसा नियम केलाय. गाडी शिकताना हातात मोबाईल नको."

"म्हणजे तुमच्याकडे एकही व्हिडिओ नाही, हे खरं?"

"खरं आहे," मी म्हणाले. "व्हिडिओ नाही. मी आहे. मला मारलंय. मी इथे उभी राहून सांगतेय."

न्यायाधीशबाई लिहून घेणाऱ्याला म्हणाल्या, "हे तसंच घ्या."

त्या दिवशी माझा आवाज कापला नव्हता. हे मी नवऱ्याला घरी जाऊन तीनदा सांगितलं.

अक्काच्या साक्षीला तिचा मुलगाच तिला घेऊन आला, मागे उभा राहिला. त्याच वकिलांनी तिलाही विचारलं की तुम्ही व्हिडिओ का नाही काढला. अक्काने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मी काय लगीनमा हुभी व्हती का, व्हिडिओ काढाले? बाईले मारी राहिंता तो. मी पयत गयी."

मागच्या बाकांवर हशा झाला. न्यायाधीशबाईंनी पेन आपटलं, पण त्यांच्याही ओठांचे कोपरे हलले. वकिलांनी तिला बरंच घोळवलं. लिंब कुठे, ऊन कुठल्या बाजूने होतं, चष्मा होता का, तुम्ही बाईंच्या शिष्य म्हणून सांगताय का. अक्का प्रत्येक वेळी तेवढंच सांगायची, जे बघितलं होतं. ऊन कुठल्या बाजूने होतं ते आठवत नाही, असंही सरळ म्हणाली. पण हेल्मेट कोणाच्या हातात होतं, घाव कुठे बसले, यावरून तिला कोणी हलवू शकलं नाही.

मग त्या मुलीची साक्ष लागली, त्याच्या बायकोची. पोलिसांनी तिचा जबाब घेतला होता आणि जबाबात तिने नवऱ्याने मारलं असं सांगितलं होतं. ती आली, डोक्यावर पदर, नजर खाली. बाहेर व्हरांड्यात सासू आणि काका बसलेले. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या सकाळी मैदानावर काय घडलं?" तिने पदर अजून पुढे ओढला. पंखा फिरत होता. मग म्हणाली, "मला काही आठवत नाही." ती फितूर झाली. कोर्टात असंच म्हणतात. मी तिच्याकडे बघत राहिले, तिने एकदाही वर पाहिलं नाही.

काही आठवड्यांनी भाजीबाजारात ती समोरच आली. लेक बरोबर होती, हातात वांग्यांची पिशवी. मला वाटलं ती तोंड फिरवून जाईल. ती थांबली.

"ताई, मी खोटं नाही बोलले. आठवत नाही, एवढंच म्हणाले."

"ते खोटंच आहे," मी म्हणाले.

तिचा चेहरा हलला. "हो," ती म्हणाली.

मी तिला समजून घेतलं का? मला कळतं ती कुठे राहते, रात्री कोणाच्या घरात झोपते. ते कळूनही मला तिचा राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. तिने विचारलं, "हात दुखतो का अजून?" मी म्हटलं, "थंडीत दुखतो." मग तिची लेक ओढायला लागली आणि ती गेली.

आता सगळं डॉक्टरांवर येऊन अडलं. तारखेमागून तारीख पडत होती आणि डॉक्टर येत नव्हते, कारण समन्स जायचं जळगावच्या पत्त्यावर आणि त्यांची बदली झालेली. कुठे झाली ते फाइलमध्ये नव्हतं. त्याचे वकील दर तारखेला म्हणायचे, साक्षीदार मिळत नसेल तर पुरावा बंद करा. मी भावाला फोन केला. त्या जेवणानंतर आमचं धड बोलणं झालं नव्हतं.

"दादा, ते हाडांचे डॉक्टर धुळ्याला गेलेत असं ऐकलंय. बघतोस का?"

त्याने आधी डॉक्टरांचं नाव लिहून घेतलं. मग म्हणाला, "अजून चालूच आहे तुझं?"

"चालूच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. धुळ्यात विम्याच्या कामामुळे त्याला सगळे दवाखाने पाठ आहेत. डॉक्टर तिथल्याच एका सरकारी दवाखान्यात होते. मी ते सरकारी वकिलांना कळवलं, समन्स त्या पत्त्यावर गेलं आणि पुढच्या तारखेला डॉक्टर कोर्टात हजर. दमलेले तेव्हाही दिसत होते.

त्यांनी दाखला बघून आठवलं ते सांगितलं. मग त्याच्या वकिलांनी नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची मला दोन वर्षं धास्ती होती.

"डॉक्टर, ही जखम गाडीवरून पडून होऊ शकते की नाही? हो किंवा नाही."

"एखाद्या टणक कडेवर हात आपटला तर होऊ शकते."

वकील समाधानाने खाली बसले. पण सरकारी वकिलांनी परवानगी घेऊन पुन्हा विचारलं, या रुग्णाच्या बाबतीत तुमचं मत काय. डॉक्टर म्हणाले, "पडताना माणूस हात पुढे करतो. तळहात खरचटतात, गुडघे फुटतात, हाड मोडलं तर बहुतेक मनगटाजवळ मोडतं. यांचे तळहात आणि गुडघे मी तपासले होते. मुरुमाचा एक ओरखडा नव्हता. हाड मधोमध मोडलं होतं, वरून बसलेल्या घावाने मोडतं तसं. खांद्यावर वेगळा वळ होता. डोकं वाचवायला हात आडवा धरला तर असं होतं." आणि त्यांनी स्वतःचा हात कपाळासमोर आडवा धरून दाखवला.

अख्ख्या कोर्टात माझ्या बाजूने कॅमेरा नव्हता, पण तो हात तसा वर गेला तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांनी पाहिलं.

निकालाच्या दिवशी भाऊ धुळ्याहून पहिल्या बसने आला. सरळ येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. न्यायाधीशबाईंनी निकालाचा शेवटचा भाग वाचून दाखवला. मारहाणीचं चित्रण नाही एवढ्यावरून ती झाली नाही असं म्हणता येत नाही. मैदानात ते नसणं स्वाभाविक आहे. जखमी बाईचं सांगणं पहिल्या दिवसापासून एकच आहे, पाहणारी साक्षीदार टिकली आहे, वैद्यकीय पुरावा त्याला धरून आहे. आरोपी दोषी. सहा महिन्यांची शिक्षा आणि दंड, दंडातला काही भाग मला.

तो त्याच दिवशी जामिनावर सुटला. अपिलाची मुदत असते, शिक्षा थांबवता येते, हे वकीलबाईने आधीच सांगून ठेवलं होतं. तरी त्याला चहाच्या टपरीवर उभं राहून हसताना बघून भावाचा पारा चढला. "याला काय अर्थ आहे? गेला की घरी!"

"दोषी म्हणून गेला," मी म्हणाले.

व्हरांड्यात त्याचा काका आमची वाट अडवून उभा राहिला. आवाज खाली ठेवून म्हणाला, "बाई, अजूनही मिटवा. आम्ही वरच्या कोर्टात जाणार आहोत. तुमची चार-पाच वर्षं तिथे जातील."

"माझी कशी जातील?" मी म्हणाले. "तारखेला तुमचा पुतण्या उभा राहणार. मी बाकावर बसते."

माझा भाऊ मध्ये पडून काहीतरी बोलणार होता. मी त्याच्या दंडावर उजवा हात ठेवला आणि काकाला म्हणाले, "जा तुम्ही वरच्या कोर्टात. मीही येते."

अपील आता चालू आहे.